नाव परत मिळाले. जाब कोण विचारणार?

मे 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्याशी संबंधित दोन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिले. पहिला निर्णय नामांतराचा. उस्मानाबादचे धाराशिव करण्याच्या शासननिर्णयाला दिलेली आव्हाने मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 8 मे रोजी फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. शेवटच्या निजामाच्या नावाचे ओझे या भूमीच्या खांद्यावरून कायमचे उतरले. पेढे वाटले गेले, फटाके फुटले आणि ते योग्यच झाले. मराठवाड्यातील ज्या पिढीने रझाकारांचा छळ सोसला, तिच्या नातवंडांनी तो आनंद साजरा केला नसता तरच नवल!

दुसरा निर्णय त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठातून आला. त्याच्यासाठी फटाके फुटले नाहीत. विषय होता तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिरातील दानपेटीचा. 1991 ते 2009 या काळात दानपेटीचे लिलाव झाले आणि त्यात 8 कोटी 45 लाख रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप होता. चौकशी झाली, अहवाल शासनाकडे गेला आणि गृहविभागाने ते प्रकरण बंद करण्याचा निर्णय घेतला. हिंदु जनजागृती समितीने त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. खंडपीठाने प्रकरण बंद करण्याचा निर्णय रद्द केला आणि 16 जणांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. या व्यक्ती दोषी आहेत की नाहीत, हे खटल्याच्या अंतीच ठरेल. पण प्रकरण मिटविण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मिटवताना त्यांना जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न त्या खटल्याहून मोठा आहे.

धाराशिवकरांनी पहिला निर्णय डोक्यावर घेतला. दुसऱ्या निर्णयाचा अर्थ मात्र अद्याप पुरेसा उमगलेला दिसत नाही. नाव परत मिळणे हा स्वाभिमानाचा विषय आहे. कारभार परत मिळविणे हा स्वराज्याचा विषय आहे.

जोगव्याचा पैसा आणि निजामाची नियमावली

आई तुळजाभवानी ही साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आणि छत्रपती शिवरायांची कुलस्वामिनी. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही लक्षावधी भाविक तुळजापूरला येतात. त्यात गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागणारे आराधी असतात, नवसाची ओटी भरायला आलेली शेतमजूर माउली असते, दुष्काळात बैल विकावे लागले तरी दर्शनाची वारी न चुकविणारा शेतकरी असतो. दानपेटीत पडतो तो यांचा पैसा. तो कोण्या धनिकाच्या तिजोरीतला उरलासुरला पैसा नव्हे. तो लुबाडला गेल्याचा आरोप हा समाजाच्या श्रद्धेवर घाला घातल्याचा आरोप आहे.

या मंदिराचा कारभार कोणाच्या हाती आहे? संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, व्यवस्थापनाची धुरा महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे, विश्वस्तांमध्ये मतदारसंघाचे आमदार आणि तुळजापूरचे नगराध्यक्ष. या रचनेची मुळे निजामी राजवटीने 1909 मध्ये केलेल्या ‘देऊळ कवायत’ या नियमावलीत आहेत. निजाम गेला, हैदराबाद मुक्त झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला. परंतु देवीच्या दारात सरकारी अंमलदार बसविण्याची निजामी पद्धत मात्र टिकून राहिली. जिल्ह्याच्या पाटीवरून निजाम उतरला, पण मंदिराच्या दप्तरात तो अजून आहे.

इथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जिल्हाधिकारी हा शासनाचा अधिकारी, म्हणजेच कार्यपालिकेचा हात. त्याच्या कारभारावर विधानसभेत बोट ठेवायचे ते आमदाराने. परंतु आमदारच विश्वस्त मंडळात त्याच्या शेजारी बसलेला असेल तर प्रश्न कोणी कोणाला विचारायचा? ज्याने हिशेब मागायचा तोच हिशेबावर सही करणाऱ्यांच्या पंगतीत. हा एखाद्या व्यक्तीचा दोष नाही; माणसे बदलली तरी रचना तीच राहते आणि रचना तीच राहिली की मौनही तेच राहते. 2009 ते 2024 या पंधरा वर्षांत राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार होते, युतीचे होते, महाविकास आघाडीचे होते, महायुतीचेही होते. सर्व रंगांच्या राजवटी येऊन गेल्या. सभागृहात कधी कोणी आवाज उठविला असेलही. परंतु गुन्हा नोंदविण्याचा आदेश शेवटी विधान भवनातून आला नाही, न्यायालयातून आला.

घटनाकारांना काय अभिप्रेत होते?

भारतीय राज्यघटनेच्या 75व्या कलमानुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि 164व्या कलमानुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही पद्धत का स्वीकारली, याचे सविस्तर विवेचन केले होते. अमेरिकी अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक आहे, आणि भारताने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सरकारची एक परीक्षा दर निवडणुकीला मतदार घेतात. पण दुसरी परीक्षा रोजची असते. ती सभागृहाचे सदस्य प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे घेतात. बाबासाहेबांच्या दृष्टीने ही रोजची परीक्षा भारतासारख्या देशात अधिक आवश्यक होती.

आज या रोजच्या परीक्षेची काय अवस्था आहे? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, लोकलेखा समिती, आश्वासन समिती ही सारी शस्त्रे विधिमंडळाच्या भात्यात आहेत. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचे काय झाले, याचा पाठपुरावा करण्यासाठी स्वतंत्र समिती असणे ही केवढी मोठी व्यवस्था! चौकशी आयोग कायद्याने तर आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन शासनावर घातले आहे. शस्त्रांची वाण नाही. ती उचलणारे हात थकले आहेत, काही ठिकाणी ते बांधले गेले आहेत. बहुमत सरकारच्या पाठीशी असते, पक्षादेशाचा चाबूक डोक्यावर असतो, आणि सत्ताधारी बाकावरचा सदस्य मंत्र्याला प्रश्न विचारणे म्हणजे पक्षद्रोह समजू लागतो. अशा वेळी नागरिकासमोर एकच दार उरते, ते न्यायालयाचे.

मराठवाड्याने आणि महाराष्ट्राने पाहिलेली उदाहरणे

महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1981 मध्ये मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसाठी सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचे प्रकरण वृत्तपत्राने उघडकीस आणले. संसदेत विरोधकांनी रान उठविले. बहुमत मात्र ढिम्म हलले नाही. 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, तेव्हा अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढे भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्यादीचा पाठपुरावा करीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. त्याच नायकांची 1994 मध्ये मुंबईत भरदिवसा हत्या झाली. सत्तेला जाब विचारण्याची वाट किती खडतर असते, हे संघपरिवारातील कार्यकर्त्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही.

चारच वर्षांनी, 1986 मध्ये, मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांमुळे पायउतार व्हावे लागले. त्या ताशेऱ्यांविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांचे निलंगा 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, म्हणजे हे प्रकरण याच मातीतले. दोन्ही वेळी विधानसभेत काँग्रेसला भक्कम बहुमत होते. दोन्ही वेळी मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली ती न्यायासनावरून आलेल्या शब्दांमुळे. ज्या सभागृहाला मुख्यमंत्री जबाबदार होते, ते सभागृह प्रेक्षकांत बसले होते.

सभागृह स्वतःच आपले डोळे बांधून घेते, तेव्हा काय होते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. 5 जुलै 2021 रोजी महाविकास आघाडीच्या काळात, अवघ्या दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनात, भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. त्यात धाराशिव लोकसभा मतदारसंघात मोडणाऱ्या औसा विधानसभेचे अभिमन्यू पवार हेही होते. म्हणजे औशाच्या मतदारांचा आवाज वर्षभर सभागृहात उमटणारच नव्हता. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन घटनाबाह्य ठरविले. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करणे ही बडतर्फीपेक्षाही कठोर शिक्षा आहे, कारण सदस्याला काढून टाकले तर ठरावीक मुदतीत पोटनिवडणूक तरी होते, निलंबनात मतदारसंघ मात्र निराधार राहतो. शिवाय काठावरचे बहुमत असलेले सरकार या मार्गाने विरोधकांची संख्याच घटवू शकेल, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने येथे सभागृहावर कुरघोडी केली नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना सभागृहात परत आणून बसविले.

हेच सूत्र राष्ट्रीय पातळीवरही दिसते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या वटहुकुमांचा अभ्यास केला. 1967 ते 1981 या काळात तेथे 256 वटहुकूम निघाले. सभागृहात न मांडताच ते पुन्हा पुन्हा काढले जात. उसाच्या खरेदीविषयीचा एक वटहुकूम तर जवळपास 14 वर्षे जिवंत ठेवला गेला! डिसेंबर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ‘वटहुकूमशाही’ला घटनेशी केलेला कपटाचार ठरविले. 2017 मध्ये बिहारमधीलच संस्कृत शाळांच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. 1993 मध्ये नरसिंह राव सरकारवरील अविश्वास ठराव खासदारांच्या मतांची खरेदी करून हाणून पाडल्याचा आरोप झाला; 1998 च्या निर्णयाने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण मिळाले. 4 मार्च 2024 रोजी सात न्यायाधीशांनी ते संरक्षण काढून घेतले. अविश्वास ठरावाचे मत हे कार्यपालिकेला जाब विचारण्याचे सर्वांत प्रखर साधन. ते विकण्याला विशेषाधिकार म्हणायचे, हा तब्बल 26 वर्षांचा कलंक पुसला गेला.

न्यायालयाने राज्य करावे काय?

येथे एक आक्षेप येणारच आणि तो राष्ट्रीय विचारांच्या मंडळींकडूनच येईल. न्यायालये आपली मर्यादा ओलांडत नाहीत काय? 2014 मध्ये संसदेने जवळपास एकमुखाने केलेली न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केली नाही काय? न्यायाधीशांनी न्यायाधीश नेमायचे आणि कोणाला उत्तर द्यायचे नाही, ही कोणती लोकशाही? हा आक्षेप रास्त आहे. न्यायालयाने धोरण आखू नये, निवडून आलेल्या सरकारच्या खुर्चीत बसू नये.

परंतु न्यायालयाने राज्य करणे आणि न्यायालयाने सभागृहाला त्याचे कर्तव्य करावयास लावणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात सभागृहाची सत्ता घटते, दुसऱ्यात ती वाढते. तुळजापूरच्या प्रकरणात न्यायालयाने मंदिर स्वतःच्या ताब्यात घेतले नाही, कोणाला दोषी ठरविले नाही; कार्यपालिकेने झाकलेले पान उघडण्यास सांगितले. निलंबनाच्या प्रकरणात न्यायालयाने कोणता ठराव संमत करावा हे सांगितले नाही. ठरावावर बोलण्याचा आमदाराचा हक्क अबाधित ठेवला. ही कसोटी हाताशी असली म्हणजे न्यायालयाचा कोणता निर्णय स्वागतार्ह आणि कोणता चिंताजनक, हे ओळखणे अवघड नाही.

ज्यांना न्यायालयाचा अंकुश नकोसा वाटतो त्यांनी आणीबाणी आठवावी. 1975 मध्ये संसदेतील विरोधी नेते तुरुंगात होते, प्रश्नोत्तराचा तास स्थगित होता, संघावर बंदी होती, आणि उरलेल्या संसदेने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी 39वी घटनादुरुस्ती मंजूर केली होती. येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांत ज्यांचे वडील-काका होते, अशी घरे धाराशिव-लातूर भागातही आहेत. त्या घटनादुरुस्तीचा मुख्य भाग सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला. आणि तेच न्यायालय 1976 मध्ये नागरिकांच्या जगण्याच्या हक्काबाबत कचरले, तेव्हा न्या. हंसराज खन्ना यांचा एकट्याचा विरोधी आवाज देशाच्या विवेकाचा आवाज ठरला. त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली.

कसोटी मात्र सर्वांना एकच हवी. सत्ता विरोधकांची असताना प्रश्नोत्तराचा तास पवित्र आणि सत्ता आपली असताना तो अडचणीचा, असा दुटप्पीपणा राष्ट्रभक्तांना शोभणारा नाही. 2020 च्या कोरोनाकाळातील अधिवेशनात संसदेतील प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला होता. संकट मोठे होते, हे खरे, पण पायंडा घातक होता, हे म्हणण्याचे धैर्य मित्रांनीच दाखवावयास हवे. सरकार आपले आहे म्हणून प्रश्न विचारू नये, असे नसते. उलट, आपले आहे म्हणूनच अधिक आग्रहाने विचारावा.

रामशास्त्री आणि बारभाई

या विषयावर मराठी मनाला सर्वांत जवळचा दाखला रामशास्त्री प्रभुण्यांचा आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सत्ता राघोबादादांच्या हाती गेली. त्यांच्या तोंडावर, या अपराधाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे सांगून शास्त्रीबोवांनी पुणे सोडल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. पण कथेचा उत्तरार्ध बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शास्त्रीबोवांच्या शब्दाने राघोबादादा गादीवरून खाली उतरले नाहीत. त्यांना उतरविले ते नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन, बारभाईंनी. न्यायाधीशाने सत्य सांगितले. राज्य सावरले ते कारभाऱ्यांच्या सभेने. कारभार रुळावर आल्यावर शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले.

आजही हेच लागू आहे. लेंटिन यांचा निकाल, औरंगाबाद खंडपीठाचा आदेश, निलंबनाचा निर्णय हे रामशास्त्री बाण्याचे आविष्कार आहेत. पण प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक दानपेटीसाठी, प्रत्येक अर्धवट तलावासाठी आणि प्रत्येक दडपलेल्या अहवालासाठी रामशास्त्री कोठून आणायचे? न्यायालय हे औषध आहे; रोजचे जेवण सभागृहानेच दिले पाहिजे. समाज औषधावरच जगू लागला, तर तो रोगी आहे, असेच म्हणावे लागेल.

समाजाचे काम

धाराशिव जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा असे विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत. या चारही मतदारसंघांतील सज्जनशक्तीने आपल्या आमदाराला सत्कारप्रसंगी हार घालण्याबरोबरच एक कागदही द्यावा. गेल्या अधिवेशनात आपण किती प्रश्न विचारले? मंत्र्यांनी दिलेल्या कोणत्या आश्वासनाचा पाठपुरावा केला? तुळजाभवानी संस्थानच्या हिशेबाविषयी सभागृहात काय विचारले? ‘देऊळ कवायत’ बाजूला सारून भक्तांच्या हाती कारभार देणारा आणि त्याचे लेखापरीक्षण उघड्यावर आणणारा कायदा केव्हा मांडणार? विधिमंडळातील प्रश्नोत्तरे छापली जातात, माहितीचा अधिकार 2005 पासून प्रत्येकाच्या हाती आहे. शाखेत, भजनी मंडळात, महिला बचत गटात या प्रश्नांची चर्चा व्हावी. आमदाराला प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नव्हे; त्याच्या पदाचा तो सन्मान आहे.

हिंदवी स्वराज्याच्या स्थापनेआधीच, रांझ्याच्या पाटलाने एका स्त्रीची अब्रू घेतली तेव्हा शिवरायांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. तो पाटील कोणी परका नव्हता, आपल्याच मुलखातला होता. आपल्या माणसाला आधी जाब विचारायचा, ही या मातीची रीत आहे.

जिल्ह्याच्या पाटीवर आता धाराशिव लिहिले आहे. त्या पाटीखालून तुळजापूरकडे जाणाऱ्या भाविकाच्या मुठीतला रुपया आईच्या चरणी जसाच्या तसा पोहोचेल आणि त्याचा हिशेब विधानसभेच्या सभागृहात उभे राहून मंत्र्याला द्यावा लागेल, त्या दिवशी निजाम खऱ्या अर्थाने या जिल्ह्यातून गेला असे म्हणता येईल. न्यायालयाने आपले काम केले आहे. आता पाळी सभागृहाची आहे, आणि सभागृहाला जागे ठेवण्याची जबाबदारी त्याला निवडून देणाऱ्या समाजाची.